मतपेटी, पक्ष आणि सदसद्विवेक

२०२४ च्या जून महिन्यातील गोष्ट. लंडनच्या एका इस्पितळात परिचारिका म्हणून काम करणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एका मुलीचा रविवारी मिस्सानंतर फोन आला. घरची खुशाली झाली, पावसाची चौकशी झाली आणि मग ती म्हणाली, ‘‘फादर, इथे ४ जुलैला निवडणूक आहे. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, तरी मला मत आहे. मत कुणाला देऊ?’’

आधी तर आम्हांला आश्चर्य वाटले ते तिच्या मताधिकाराचेच. भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या पार्लमेंटसाठी मत कसे? चौकशीअंती कळले, की राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक तेथे कायदेशीर वास्तव्य करीत असेल, तर त्यास हा हक्क आहे. गंमत अशी, की पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन स्विंडनसारख्या गावी स्थायिक झालेल्या आमच्या गोमंतकीय बांधवांना हा हक्क नाही. पोर्तुगाल राष्ट्रकुलात नाही. ज्याने भारताचे नागरिकत्व सोडले त्याचे मत गेले आणि जिने ते जपले तिला मत मिळाले! इतिहास असे खेळ करतो.

परंतु तिचा खरा प्रश्न अधिक गंभीर होता. आम्ही तिला त्या क्षणी उत्तर दिले नाही. ‘‘चार दिवसांनी बोलू,’’ असे सांगून फोन ठेवला. धर्मगुरूला हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीच्या आधी कोणीतरी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबून हळूच विचारतो, ‘‘फादर, यंदा कुणाला?’’ त्यामागे श्रद्धा असते, विश्वास असतो. आणि काही वेळा आपल्या विवेकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याची इच्छाही असते. आपला विवेक मनुष्य दुसऱ्याच्या हवाली करू शकतो काय? पक्षाच्या? धर्मगुरूच्या? घराण्याच्या? ब्रिटनचा राजकीय इतिहास या प्रश्नाला वारंवार भिडलेला आहे आणि त्या इतिहासात कॅथलिकांचे स्थान मोठे आहे. म्हणून वाचकहो, त्या चार दिवसांत आमच्या मनात जे विचार आले ते येथे मांडतो.

पक्ष : बंधन की बांधिलकी?

मराठी वृत्तपत्रांनी ब्रिटनच्या दोन मोठ्या पक्षांची फार मार्मिक नामकरणे केली. काँझर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्ष आणि लेबर म्हणजे मजूर पक्ष. एका यमकात एका देशाचे वर्गयुद्ध सांगून टाकले! पण हुजूर पक्षाचे जुने नाव ‘टोरी’. हा शब्द मूळचा आयरिश. आयर्लंडच्या रानावनांत दडून राहणाऱ्या कॅथलिक लुटारूंना तो लावीत. १६७९ ते १६८१ या काळात राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स याला गादीवर बसू द्यावे की नाही, असा वाद पेटला. त्याचा वारसाहक्क नाकारू नये म्हणणाऱ्यांना विरोधकांनी शिवी दिली ‘टोरी’. उलट बाजूस शिवी मिळाली ‘व्हिग’. दोन शिव्यांतून ब्रिटनचे पहिले दोन पक्ष जन्मास आले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत हेच टोरी कॅथलिकांच्या हक्कांचे सर्वांत कडवे विरोधक बनले. पक्षाचे नाव टिकते, तत्त्व टिकतेच असे नाही. हा पहिला धडा.

मग पक्ष ही वाईट वस्तू आहे काय? तसे आम्हांला वाटत नाही. एडमंड बर्क याने १७७० मध्ये पक्षाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा : एखाद्या समान तत्त्वावर एकमत झालेल्या माणसांनी राष्ट्राचे हित साधण्यासाठी एकत्र येणे म्हणजे पक्ष. एकटा सज्जन मनुष्य सुंदर भाषण करील, पण कायदा करू शकणार नाही. कायद्यासाठी सोबती लागतात, आणि सोबत म्हटली की थोडीफार तडजोड आली. कुटुंबातही हेच, धर्मग्रामाच्या मंडळातही हेच.

परंतु हाच बर्क १७७४ साली ब्रिस्टल शहरातून निवडून आल्यावर मतदारांना स्पष्ट बजावून गेला, की प्रतिनिधी आपले कष्ट तर तुम्हांला देतोच; पण आपली निर्णयबुद्धीही तो तुम्हांला देणे लागतो, आणि तुमच्या मर्जीसाठी ती बाजूला ठेवील तर तो तुमची सेवा नव्हे, प्रतारणा करील. बोलणे सोपे होते. कसोटी पुढे लागली. बर्कची आई कॅथलिक. १७७८ मध्ये कॅथलिकांवरील काही जाचक निर्बंध सैल करणारा कायदा झाला, त्यास बर्कचा पाठिंबा होता. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने कमी व्हावीत, असेही तो म्हणत असे. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना ते रुचले नाही. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगली उसळल्या, प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये पुन्हा उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा बर्कने आपल्या भूमिकेचे समर्थन केले, वारा कोणीकडे वाहतो आहे ते ओळखले आणि माघार घेतली. त्याने आमच्यासाठी आपली जागा गमावली, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्लेअरची निवडणूक

आता १८२८ सालच्या आयर्लंडमधील क्लेअर परगण्याकडे वळू. त्या काळी कॅथलिकाला मत देता येत असे, पण पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. कारण सदस्याला घ्यावी लागणारी शपथ कॅथलिक श्रद्धेच्या विरोधी होती. डॅनियल ओ’कॉनेल या कॅथलिक वकिलाने तरीही उमेदवारी जाहीर केली. मतदार बहुतांशी लहान कुळे. वर्षाकाठी ४० शिलिंग मूल्याची जमीन ज्याच्याकडे, त्याला मत. मतदान उघड होते. कोणी कुणाला मत दिले ते सर्वांसमक्ष लिहिले जाई. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुळे जमीनदाराच्या पाठोपाठ जाऊन तो सांगेल त्याला मत देत. न देतील तर जमिनीवरून हुसकले जाण्याची भीती.

त्या वर्षी ती कुळे जमीनदारांच्या मागून निघाली नाहीत. आपापल्या गावच्या धर्मगुरूंबरोबर ती एनिस शहरी आली आणि त्यांनी ओ’कॉनेल यांना मते दिली. प्रतिस्पर्धी फिट्झजेराल्ड यांच्या दुपटीहून अधिक मते ओ’कॉनेल यांना पडली. आयर्लंडमध्ये यादवी माजेल या धास्तीने पंतप्रधान वेलिंग्टन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट पील नमले आणि १८२९ च्या एप्रिलमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडणारा कायदा झाला. तो टोरी सरकारने केला!

ही कथा आपल्या समाजात अभिमानाने सांगितली जाते आणि तशी ती सांगावीही. पण तिच्यात दोन काटे आहेत. ते लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला काटा असा : फिट्झजेराल्ड हा कॅथलिकांचा शत्रू नव्हता. तो स्वतः कॅथलिकांच्या मुक्ततेचा पुरस्कर्ता होता. त्याचा दोष एवढाच, की तो त्या सरकारात मंत्री होता. म्हणजे त्या दिवशी मतदारांनी माणूस पाहिला नाही, पक्ष पाहिला. आणि व्यापक हिताचा विचार करता ते योग्यही होते. चांगल्या माणसाने चुकीच्या रांगेत उभे राहिल्याची किंमत मोजली. पक्षाकडे पाहून मत देणे नेहमीच अविवेकाचे नसते.

दुसरा काटा आम्हां धर्मगुरूंना अधिक टोचणारा आहे. काल जी कुळे जमीनदाराच्या मागे चालत होती, ती आज धर्मगुरूच्या मागे चालू लागली. हा विवेकाचा विजय होता, की केवळ धन्याची अदलाबदल? आमचे मत असे, की तो विवेकाचाच विजय होता. कारण त्या कुळांना काय गमवावे लागेल ते ठाऊक होते आणि धर्मगुरूपाशी जमीन काढून घेण्याची सत्ता नव्हती. जो स्वतःचे नुकसान समोर दिसत असता मत देतो, त्याचे मत उसने नसते. तरीही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, हे आम्ही मान्य करतो.

आणि त्या कुळांचे पुढे काय झाले? मुक्ततेच्या कायद्याबरोबरच दुसरा कायदा संमत झाला. आयर्लंडच्या परगण्यांतील मताधिकाराची मर्यादा ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट, नेण्यात आली. ज्यांच्या धैर्याने दार उघडले, त्यांचेच मत हिरावले गेले. दार उघडले ते मुख्यतः जमीनजुमला असलेल्या कॅथलिकांसाठी. कॅथलिक नेत्यांनी ही किंमत अखेर स्वीकारली. गरिबाच्या त्यागावर प्रतिष्ठिताची उन्नती होण्याचा हा प्रकार आपल्याला अनोळखी वाटतो काय?

पीलची कथाही येथेच पुरी करू. आयुष्यभर कॅथलिकविरोधी म्हणून ओळखला गेलेला हा मनुष्य ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधी होता. मत बदलले म्हणून त्याने प्रामाणिकपणे राजीनामा दिला, पुन्हा उभा राहिला आणि पडला. मग वेस्टबरी नावाच्या एका ‘खिशातल्या’ मतदारसंघातून, म्हणजे जेथे मालक म्हणेल तोच निवडून येई अशा जागेवरून, तो परत आला. बर्कही ब्रिस्टल सोडल्यावर असाच एका उमरावाच्या कृपेने माल्टनहून निवडून आला होता. विवेकासाठी जागा सोडणाऱ्या दोघांनाही आश्रय मिळाला तो भ्रष्ट पद्धतीच्या ओसरीवर. इतिहास कोणालाही पूर्ण स्वच्छ वस्त्र देत नाही. १८४६ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला असता पीलने परदेशी धान्यावरील जकात उठविणारा कायदा आणला. त्याच्याच पक्षाच्या सुमारे दोन-तृतीयांश सदस्यांनी विरोधात मत दिले. कायदा विरोधकांच्या मतांवर झाला आणि तो संमत झाला त्याच रात्री दुसऱ्या एका विधेयकावर पीलचा पराभव होऊन त्याचे मंत्रिमंडळ गेले. भाकरीसाठी पक्ष मोडला. मतदाराने अशा माणसाला काय म्हणावे : पक्षद्रोही की राष्ट्रसेवक?

वारशाने आलेले मत

१८७२ मध्ये ब्रिटनमध्ये गुप्त मतदान आले. १९२८ पर्यंत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. जमीनदाराची नजर मतपेटीवरून हटली. आता तरी मनुष्य स्वतंत्रपणे मत देऊ लागला काय? अभ्यासक सांगतात, फारसा नाही. डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की बहुसंख्य ब्रिटिश मतदारांची पक्षनिष्ठा आईबापांकडून मुलांकडे उतरत आली होती आणि तिचा पाया सामाजिक वर्ग हा होता. कारखान्यातील कामगार मजूर पक्षाला, कचेरीतील साहेब हुजूर पक्षाला.

धर्मही वारशाच्या गाठोड्यात होता. लिव्हरपूल बंदरावर राबणाऱ्या आयरिश कॅथलिक गोदी कामगारांनी १८८५ पासून १९२९ पर्यंत टी. पी. ओ’कॉनर या आयरिश राष्ट्रवादी नेत्याला पार्लमेंटमध्ये पाठविले. इंग्लंडच्या भूमीवरून आयर्लंडच्या पक्षाचा सदस्य! पुढे ही मते मजूर पक्षाकडे वळली. त्याच शहरातील प्रॉटेस्टंट कामगार, तेवढेच गरीब, तेवढेच राबणारे, अनेक दशके हुजूर पक्षाला मत देत. का, तर शेजारचा कॅथलिक दुसरीकडे मत देतो म्हणून. एकाच गोदीत घाम गाळणारी दोन माणसे केवळ उपासनेच्या भेदामुळे परस्परांविरुद्ध मत देत राहिली. कालांतराने तो भेद ओसरला आणि शहराचे राजकारण पार बदलले; १९७९ नंतरच्या एकाही सार्वत्रिक निवडणुकीत लिव्हरपूल शहरातून हुजूर पक्षाचा उमेदवार निवडून आलेला नाही. धर्म जेव्हा केवळ गटाची खूण उरतो, तेव्हा तो विवेकाला जागवीत नाही, झोपवतो.

वर्गाची ही पकड आता सुटली आहे. १९५१ च्या निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांना मिळून शेकडा ९६ हून अधिक मते पडली होती. २०२४ मध्ये त्यांची बेरीज शेकडा ५७ च्या आसपास आली. मग आजचा ब्रिटिश मतदार अधिक स्वतंत्र झाला म्हणावे, तर दुसरा आकडा बोलतो : १९५० साली शेकडा ८४ मतदारांनी मत दिले होते, २०२४ मध्ये शेकडा ६० नीच. जुने दावे तुटले ते काहींना मुक्त करून गेले, तर काहींना मतदानकेंद्रापासूनच दूर नेऊन गेले. स्वातंत्र्य आणि उदासीनता ही जुळी भावंडे असावीत, अशी शंका येते.

मतमोजणीची पद्धतही विवेकाची परीक्षा पाहते. ज्या उमेदवाराला मतदारसंघात सर्वांत जास्त मते तो विजयी, ही पद्धत आपण ब्रिटनकडूनच घेतली. १९५१ मध्ये मजूर पक्षाला देशात अधिक मते मिळाली, पण सरकार बनले हुजूर पक्षाचे. २०२४ मध्ये मजूर पक्षाला शेकडा ३४ हून किंचित कमी मते आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला शेकडा १४ मते आणि जागा अवघ्या ५. तर त्याहून कमी, शेकडा १२ मते मिळविणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२ जागा. म्हणून अनेक मतदार आपल्याला आवडणाऱ्याला मत न देता, नको असलेल्याला पाडू शकेल अशा दुसऱ्या कुणाला देतात. हे पाप आहे काय? आमच्या मते नाही. दोन अनिष्टांतील मोठे टाळणे हा नीतिशास्त्राचा मान्य मार्ग आहे. परंतु सतत ‘कोण नको’ एवढाच विचार करणारा मतदार ‘काय हवे’ हे विसरतो, आणि ते विसरणे धोक्याचे आहे. तसेच, हरणाऱ्याला दिलेले मत ‘फुकट गेले’ असेही आम्ही म्हणणार नाही. दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये हॉबर्न मतदारसंघात हरले, तेव्हा त्यांना पडलेली मते वाया गेली काय? १८९२ साली हेच मुंबईकर गृहस्थ मध्य फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले आणि पार्लमेंटात हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे गाऱ्हाणे मांडू शकले. पाच मते! घरी बसणाऱ्यांनी या आकड्याचा विचार करावा.

प्रतोद आणि विवेक

आता मतदाराकडून प्रतिनिधीकडे येऊ. पक्षाच्या सदस्यांना एकत्र राखणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजीत ‘व्हिप’ म्हणतात. हा शब्द शिकारीतून आला. कुत्र्यांचा कळप पांगू नये म्हणून चाबूक घेऊन धावणारा तो माणूस. आपण त्याला ‘प्रतोद’ म्हणतो, आणि त्याचाही अर्थ चाबूकच. पक्षादेशाच्या कागदावर विषयाखाली तीन रेघा ओढल्या असतील तर हजर राहून पक्षाप्रमाणे मत देणे सक्तीचे. न दिल्यास पक्षाच्या संसदीय गटातून हकालपट्टी होऊ शकते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये हुजूर पक्षाने एका फटक्यात २१ सदस्य काढले; त्यांत चर्चिल यांचा नातूही होता. मात्र तेथे सदस्याची जागा जात नाही. आपल्याकडे १९८५ च्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते. त्या कायद्याने आयाराम-गयारामांना लगाम घालण्याचा हेतू होता हे खरे; पण प्रामाणिक विरोधकालाही तोच लगाम बसला, हेही तितकेच खरे.

ब्रिटिश परंपरेने विवेकासाठी एक खिडकी उघडी ठेवली आहे. जीवन-मरणाच्या प्रश्नांवर पक्षादेश काढीत नाहीत. सदस्याने आपल्या मनाप्रमाणे मत द्यावे. गर्भपाताला मुभा देणारा १९६७ चा कायदा असाच मुक्त मतदानाने झाला. १९८८ मध्ये डेव्हिड ऑल्टन या लिव्हरपूलच्या कॅथलिक सदस्याने गर्भपाताची मुदत १८ आठवड्यांवर आणणारे विधेयक मांडले. प्राथमिक मतदानात ते जिंकलेही, पण पुढे वेळ संपवून ते बाद करण्यात आले. अलीकडे, मरणासन्न रुग्णाला मृत्यूसाठी साह्य देण्याच्या विधेयकावर २९ नोव्हेंबर २०२४ रोजी ३३० विरुद्ध २७५ आणि २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ असे मतदान झाले. वेस्टमिन्स्टरचे त्या वेळचे आर्चबिशप कार्डिनल व्हिन्सेंट निकोल्स यांनी भाविकांना आपापल्या प्रतिनिधीला पत्रे लिहिण्याचे आवाहन केले होते. विधेयक कनिष्ठ सभागृहात संमत झाले खरे. परंतु सात महिन्यांत ५५ चे मताधिक्य २३ वर आले. चाबूक नसेल तर माणसे ऐकतात, विचार करतात आणि क्वचित मतही बदलतात, याचा हा दाखला आहे.

येथे आमच्या मनात एक शंका डोकावते. ‘विवेकाचे प्रश्न’ अशी वेगळी यादी केली, म्हणजे बाकीचे प्रश्न विवेकाचे नाहीत काय? २०१७ पासून ब्रिटनमध्ये गरीब कुटुंबांना मिळणारे बालसाहाय्य साधारणतः पहिल्या दोन मुलांपुरते मर्यादित करण्यात आले होते. तिसरे मूल जन्मले तर त्याच्या वाट्याला काही नाही. २३ जुलै २०२४ रोजी ही मर्यादा उठवावी अशी सूचना सभागृहापुढे आली. नव्याने सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने विरोधात मत देण्याचा आदेश काढला. सात मजूर सदस्यांनी तो मोडला. त्यांना संसदीय गटातून निलंबित करण्यात आले. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधील अर्थसंकल्पात त्याच सरकारने ही मर्यादा उठविण्याची घोषणा केली! तिसऱ्या मुलाच्या भाकरीवर प्रतोद चालतो आणि मरणासन्न माणसाच्या बाबतीत विवेक चालतो, ही विभागणी ख्रिस्ती माणसाला मान्य होणार नाही. ज्या आईला आपण ‘गर्भातील बाळ जगू दे’ असे सांगतो, त्याच आईच्या बाळाला जन्मानंतर दूध मिळेल की नाही, हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा नाही, आपलाच आहे. जीवनाचा हक्क हा पाया होय, यात शंका नाही. पण पाया घातला म्हणजे घर झाले, असे नव्हे.

धर्मगुरूने काय सांगावे?

जून २०२५ च्या त्या मतदानानंतर एका कॅथलिक खासदाराने जाहीरपणे सांगितले, की विधेयकाच्या बाजूने मत दिल्यामुळे आपल्या धर्मगुरूने आपणांस पवित्र कम्युनियन नाकारण्याचे मिस्सामध्ये घोषित केले. या वृत्ताने आम्ही अस्वस्थ झालो. विधेयक चुकीचे होते, हे आमचे ठाम मत आहे. सार्वजनिक पदावरील कॅथलिकाची श्रद्धा ही रविवारपुरती नसते, हेही आम्ही मानतो. पण वेदी ही प्रतोदाची जागा आहे काय? त्या धर्मगुरूच्या अंतःकरणाचा न्याय करणारे आम्ही कोण? एवढेच म्हणतो, की त्यांच्या जागी आम्ही असतो, तर आधी त्या माणसाच्या घरी जाऊन दार ठोठावले असते. एकदा नव्हे, अनेकदा.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत जितकी खंबीर आहे तितकीच नम्र आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात मत देणे हा नागरिकाचा हक्क तसेच कर्तव्य आहे, असे सांगितले. पक्षांनी स्वतःच्या हितापेक्षा सर्वांचे हित मोठे मानावे, असे बजावले. आणि राजकीय मतभेदांत स्वतःच्या मताला ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा शिक्का कोणी लावू नये, असेही म्हटले. १९९६ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी निवडणुकीपूर्वी काढलेल्या पत्रकात कोणताही पक्ष सुचविला नाही. सर्वांचे हित हा निकष मतदारांच्या हाती दिला. २००४ मध्ये कार्डिनल रॅटझिंगर, म्हणजेच पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांनी एका टिपणात फार महत्त्वाचा भेद सांगितला. उमेदवाराची जीवनविरोधी भूमिका पटते म्हणून त्याला मत देणारा त्या पापाचा भागीदार होतो. पण ती भूमिका नाकारून, इतर तितक्याच गंभीर कारणांसाठी मत देणाऱ्याचा सहभाग दूरचा असतो आणि तशी कारणे खरोखर असतील तर तो क्षम्य ठरू शकतो. मोजमाप करण्याची जबाबदारी मतदाराची.

ज्यांना हे फार मोघम वाटते, त्यांनी दोन इंग्रज संतांचे स्मरण करावे. संत थॉमस मोर १५२३ मध्ये पार्लमेंटच्या सभागृहाचे सभापती होते. सदस्यांना निर्भयपणे बोलू द्यावे, अशी विनंती त्यांनी राजाला केली होती. पुढे त्याच राजाची शपथ विवेकाला पटली नाही, म्हणून १५३५ मध्ये त्यांनी शीर दिले. इ. स. २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना राजकारणी माणसांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. दुसरे संत जॉन हेन्री न्यूमन. पोपची आज्ञा मानणारे कॅथलिक देशाशी एकनिष्ठ राहू शकत नाहीत, असा आरोप माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी १८७४ मध्ये केला. न्यूमन यांनी १८७५ मध्ये नॉर्फोकच्या ड्यूकला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने उत्तर दिले. विवेक हा माणसाच्या अंतरी बोलणारा देवाचा दूत आहे, म्हणून त्याचा मान आधी. आणि त्याच वेळी विवेक म्हणजे स्वतःची लहर नव्हे, असे त्यांनी प्रतिपादिले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ख्रिस्तसभेने न्यूमन यांना आचार्यपद बहाल केले. विवेकाला घडवावे लागते, प्रार्थनेने, अभ्यासाने, गरिबांच्या सहवासाने. न घडविलेला विवेक म्हणजे केवळ आपल्या आवडीनिवडींचा प्रतिध्वनी.

चार दिवसांनी आम्ही त्या मुलीला फोन केला. पक्षाचे नाव घेतले नाही. तिला चार प्रश्न दिले. तुझ्या वॉर्डात जी माणसे सर्वांत असहाय आहेत, त्यांच्याबद्दल हा उमेदवार काय म्हणतो? न जन्मलेल्या बाळाबद्दल आणि जन्मलेल्या गरीब बाळाबद्दल, दोघांबद्दलही, त्याचे मत काय? तुझ्यासारख्या परक्या देशातून आलेल्यांविषयी तो द्वेष पेरतो काय? आणि त्याने याआधी पक्षाविरुद्ध कधी उभे राहून दाखविले आहे काय? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘फादर, नाव सांगितले असते तर सोपे झाले असते.’’

‘‘होय,’’ आम्ही म्हणालो, ‘‘आम्हांलाही.’’

जुलैमध्ये तिचा पुन्हा फोन आला. रात्रपाळी संपवून, घरी न जाता, ती थेट मतदानकेंद्रावर गेली होती. मत दिले, एवढेच तिने सांगितले. कुणाला, ते आम्ही विचारले नाही.